अर्धा न्यूट्रॉन आणि कन्नडमधला अणू

ताई, क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ म्हणजे त्यात अर्धा न्यूट्रॉन असतो का, हा तुमच्या लेकीचा प्रश्न झकास आहे. त्यावर येतोच. पण त्या प्रश्नाखालच्या प्रतिक्रियांत निम्मा वाद नुसता शब्दांचा चाललाय, अणू कशाला म्हणायचं याचा. आपल्या मराठी पुस्तकात अणू (atom) आणि रेणू (molecule), कन्नड पुस्तकात त्यांनाच परमाणु आणि अणु. म्हणजे कन्नडमधला 'अणु' हा आपला रेणू! निपाणी-खानापूरकडची मराठी शाळेतली पोरं कन्नड माध्यमातल्या मित्राची वही उतरवायला घेतात आणि तिथंच पाय घसरतो. माझाही घसरलाय.

आता क्लोरीन. प्रत्येक अणूत प्रोटॉन १७च, त्यात तडजोड नाही. न्यूट्रॉन मात्र काहींत १८, काहींत २०. हेच समस्थानिक. प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून चारांत साधारण तीन अणू ३५चे, एक ३७चा. गाडीत तीन पोती ३५ किलोची आणि एक ३७ किलोचं असेल तर सरासरी ३५.५ येते, पण त्या वजनाचं पोतं एकही नसतं.

समस्थानिकांत फरक न्यूट्रॉनचा, तर आयन म्हणजे विद्युतभार आलेला अणू. तो होताना केंद्रकाला, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या गाभ्याला, हातच लागत नाही, फक्त इलेक्ट्रॉन कमी-जास्त होतात. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर भडकतो. आमटीतल्या मिठात तोच सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन, आयन होऊन गप्प बसलेला असतो.

आणि समस्थानिकांचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर कारवारजवळचं कैगा अणुवीज केंद्र दाखवा. तिथल्या अणुभट्ट्यांत जड पाणी वापरतात. दिसायला पाणीच, पण त्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन जादा.