मदत हवी आहे: दोन लायडर समोरासमोर आले की आमच्या बग्गीला भुतं दिसतात

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज अडलंय म्हणून पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत काम करतो. एका कॉलेजच्या आवारासाठी आम्ही विजेवरच्या दोन बग्ग्या चालकाविना चालतील अशा करतोय. गेटपासून हॉस्टेलपर्यंत सरळ रस्ता, मधे एक चौक. वेग ताशी १५ किमी. प्रत्येक बग्गीच्या टपावर, जमिनीपासून १.८ मीटरवर, १६ चॅनलचा (म्हणजे १६ किरणांचा) फिरता लायडर आहे, लेझरच्या पल्स सोडून त्या परत यायच्या वेळावरून अंतर मोजणारा सेन्सर: ९०५ नॅनोमीटर, सेकंदाला १० फेऱ्या. कॅमेरा आहे, पण ब्रेक मारायचा की नाही हे सध्या एकटा लायडर ठरवतो. रडार नाही, कारण पैसे नाहीत.

एकच बग्गी होती तोवर सगळं झकास. मागच्या आठवड्यात दुसरी रस्त्यावर आली आणि मोकळ्या रस्त्यात पहिलीने करकचून ब्रेक मारला. मागे बसलेल्या मॅडमच्या हातातला चहा माझ्या लॅपटॉपवर. (लॅपटॉप वाचला, एन्टर की अजून चिकटते.) रेकॉर्डिंग उघडलं तर साताठ मीटरवर, छातीएवढ्या उंचीला, हवेत लटकलेले पाचसहा ठिपके. एका फेरीत आहेत, पुढच्या फेरीत गायब.

मग दोन्ही बग्ग्या ४० मीटर अंतरावर समोरासमोर उभ्या करून अर्धा दिवस नुसतं बघत बसलो. ठिपके यायचे, एकदोन फेऱ्या टिकायचे, मग दीडपावणेदोन मिनिटं सगळं शांत, की पुन्हा. दुसरा लायडर बंद केला की भुतं बंद. म्हणजे एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या डोळ्यात जातोय, एवढं कळलं. पण ठरावीक वेळानेच का?

शिवाय गेटजवळ, दुसरी बग्गी बंद असतानाही, अडसराच्या दांडीच्या जागी कधीकधी अख्खी भिंत दिसते. हे त्याच रोगाचं लक्षण की वेगळं काही?

आणि खरी झोप उडवली ती सरांनी. म्हणाले, "हे चुकून होतंय. उद्या एखाद्या पोराने मुद्दाम केलं तर?" मी गप्प.

लायडर बदलता येणार नाही हे धरून चाला. जाणकारांनी प्रकाश टाकावा (पण आमच्या सेन्सरवर नको).

*

सर्किटराव:

रुमाल टाकला होता, आता सविस्तर लिहितो.

ठरावीक वेळाचं कोडं सोपं आहे. दोन्ही मोटरींवर १० फेऱ्या लिहिलंय, पण एक १०.०० ने फिरत असेल आणि दुसरी १०.०१ ने. मग दर १०० सेकंदांनी दोघांचे डोळे नेमके एकमेकांवर येतात. दोघांतला कोन सेकंदाला ३.६ अंशांनी सरकतो, म्हणजे फेरीमागे ०.३६ अंश. एकदोन फेऱ्यांत नजर सुटते. तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

नजरानजर झाली तरी दर वेळी भूत दिसेलच असं नाही. प्रकाशाला १५० मीटर जाऊन यायला साधारण १ मायक्रोसेकंद लागतो. सेन्सर पल्स सोडल्यावर जेमतेम तेवढाच वेळ कान देतो. परकी पल्स त्या वेळात आली तरच ती याला आपला प्रतिध्वनी वाटते. १ नॅनोसेकंदाची चूक म्हणजे १५ सेंटिमीटर, त्यामुळे भूत ६ मीटरवर दिसेल की ६० वर, याला धरबंध नाही.

दोन उपाय. एक, ठिपके सलग दोन फेऱ्यांत त्याच जागी दिसले तरच अडथळा माना. ०.२ सेकंद जातील, तुमच्या वेगाला ८३ सेंटिमीटर. बग्गीला परवडेल. हायवेवर ताशी ८० ला तेच साडेचार मीटर होतात, तिथे दहादा विचार करावा लागतो. दोन, सेन्सरला जीपीएसचा पीपीएस सिग्नल (दर सेकंदाला एक ठोका) देत असाल तर सेटिंगमध्ये फेज लॉक शोधा. सेकंदाच्या ठोक्याला सेन्सरचं तोंड कुठे असावं ते त्यात ठरवता येतं. दोन्ही लॉक करून टाका, विषय संपला.

*

रंगवाला:

गेटची भिंत हे वेगळं प्रकरण आहे. दांडीवर लाल-पांढरं रेडियम चिकटवलंय का? ती पट्टी प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकते. रिसीव्हर तुंबतो आणि शेजारच्या किरणांनाही तीच पट्टी दिसल्यासारखं होतं, म्हणून चार बोटांची पट्टी हातभर रुंद. सेन्सरच्या काचेवर धुळीचा नाहीतर बोटाचा थर असेल तर हे आणखी फुगतं. आधी काच पुसा. मायक्रोफायबरनेच, बनियनने नको, आमच्याकडे एकाने ते केलंय.

ट्रकच्या मागच्या रेडियमचं हेच होतं. इंटेन्सिटीचे (परत आलेला प्रकाश किती तीव्र, त्याचे) आकडे बघा: पट्टीचे ठिपके टोकाला भिडलेले असतील, दुसऱ्या लायडरमुळे आलेली भुतं तशी एकसारखी नसतील.

*

घाटउतार:

अवांतर शंका. एक्सप्रेसवेवर पोलिसांच्या लेझर गन असतात, त्यांनी असल्या गाड्यांना भुतं दिसतील का?

*

सर्किटराव:

बहुतेक गनही ९०५ च्या आसपासच असतात, त्यामुळे तत्त्वतः हो. पण गन सेकंदाला काही शे पल्स सोडते आणि या सेन्सरचा प्रत्येक डोळा त्या दिशेला क्षणभरच बघतो. चुकूनमाकून एखादा ठिपका येईल. दोन फेऱ्यांच्या चाळणीत तो गळेल. उलटं मात्र झालंय: गाडीला लावलेल्या 'पार्किंग सेन्सर'च्या नावाखाली गनला गंडवणारी उपकरणं परदेशात बरीच विकली गेली.

*

धागाकर्ता:

रंगवाले, साष्टांग. दांडीवर रेडियमच होतं. इस्टेट विभागाला विचारून तेवढ्या भागावर नुसता रंग मारून घेतला, भिंत गेली. आता रात्री दुचाकीवाले दांडीवर आदळू नयेत म्हणून वॉचमन तिथे बॅटरी घेऊन बसतो, ते वेगळं.

सर्किटराव, फेज लॉक मात्र अंगाशी आलं. दोन्हींना शून्य अंश दिला. आधी दर १०० सेकंदांनी यायचं ते आता जवळजवळ प्रत्येक फेरीत येतंय, आणि तुमची दोन फेऱ्यांची चाळणीही त्यामुळे फसतेय. पीपीएस तपासला, व्यवस्थित आहे. काय चुकलं?

*

कोनाडा:

कागदावर दोन बाण काढले असते तर लगेच दिसलं असतं. लॉकचा अंश गाडीच्या तोंडापासून मोजला जातो, उत्तर दिशेपासून नाही. दोघांना शून्य दिलं म्हणजे ठोक्याला दोघंही आपापल्या नाकासमोर बघणार. बग्ग्या समोरासमोर असतील तर त्या दर फेरीला एकमेकींच्या डोळ्यात डोळे घालणारच. आधी योगायोगाने व्हायचं ते तुम्ही मुहूर्त काढून घडवून आणलंत.

आता १८० द्यावंसं वाटेल. देऊ नका. समोरासमोर ते चालेल, पण एक बग्गी दुसरीच्या मागून जात असेल तर मागची पुढे बघते तेव्हाच पुढची मागे बघेल. पुन्हा तेच.

एकीला ० आणि दुसरीला ९० द्या. समोरासमोर असताना पहिली पुढे बघते तेव्हा दुसरी उजवीकडे. मागेपुढे असतानाही तसंच. शेजारून जाताना एक उजवीकडे बघते तेव्हा दुसरी मागे, म्हणजे तेही ठीक. फक्त चौकात, दोघी काटकोनात असताना, एका बाजूने नजर जुळेल. तिथे दोन फेऱ्यांच्या चाळणीवरही भिस्त ठेवता येत नाही, कारण लॉक असल्याने भूत दर फेरीला येऊ शकतं. दोघींत वायफाय असेल तर चौकात एका वेळी एकच, असा नियम घाला.

तिसरी बग्गी आली की हा हिशेब मोडतो. तेव्हा पुन्हा धागा काढा.

*

निवृत्त तरंग:

मी लायडरवाला नाही. रडारवर नोकरी केली, आता नातवंडं सांभाळतो. पण तुमच्या सरांचा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे.

१९४३ च्या जुलैमध्ये ब्रिटिशांनी हॅम्बुर्गवर विमानांतून ॲल्युमिनियम लावलेल्या कागदाच्या पट्ट्या सोडल्या. जर्मन रडारचे पडदे खोट्या ठिपक्यांनी भरून गेले. तेव्हापासून शत्रूने दोनच गोष्टी केल्या आहेत: नसलेलं दाखवायचं किंवा असलेलं लपवायचं. पहिल्याने गाडी उगाच थांबते. दुसऱ्याने माणूस मरतो. तुम्ही सगळे इतका वेळ पहिल्याबद्दलच बोलताय.

बाळा, एक सांग. एखाद्या दिशेने तुझ्या सेन्सरला काहीच परत आलं नाही, तर तुझा प्रोग्राम त्याला काय समजतो?

*

धागाकर्ता:

काका... मोकळा रस्ता.

*

निवृत्त तरंग:

मग तिथून सुरू कर. 'काही नाही' आणि 'काही दिसत नाही' यांना प्रोग्राममध्ये दोन वेगळी नावं दे.

आमच्याकडे एक जुनी युक्ती होती: आपण पल्स न सोडता नुसतं ऐकायचं. तरीही काही ऐकू आलं तर ते परकं. तुझ्या विकतच्या सेन्सरमध्ये ते करता येतं का, ते तू बघ. दुसरी युक्ती, पल्समधलं अंतर दर वेळी थोडं हलवायचं, म्हणजे तुझ्या तालाशी जुळवून घेणाऱ्याचा ताल चुकतो. तुझ्या खऱ्या भिंती जागेवर राहतात आणि त्याची खोटी भिंत पिंजलेल्या कापसासारखी विखुरते.

*

पेपरवाचक:

काकांच्या मुद्द्याला जोडून. २०१५ मध्ये ब्लॅक हॅट युरोप या सायबर सुरक्षेच्या परिषदेत संशोधक जोनाथन पेती यांनी स्वस्तातले सुटे भाग वापरून आयबिओ लक्स ३ या लायडरला नसलेल्या वस्तू दाखवल्या. २०१७ मध्ये कोरियातल्या कायस्ट विद्यापीठाच्या गटाने व्हीएलपी-१६ या १६ चॅनलच्या फिरत्या लायडरवर दोन्ही करून दाखवलं: खोटे ठिपके घालणं आणि तीव्र प्रकाशाने आंधळं करणं. २०२३ मधलं काम मला सगळ्यात बेरकी वाटतं. बहुतेक सेन्सर अगदी जवळचे ठिपके स्वतःचीच काच किंवा टप समजून टाकून देतात. हल्लेखोर तितक्या जवळचा खोटा प्रतिध्वनी देतो. सेन्सर तो फेकतो, आणि त्या दिशेचा खरा माणूसही त्यासोबत जातो. सगळं नियमानुसार.

काकांची ताल हलवण्याची युक्ती नव्या लायडरमध्ये आली आहे. काहींत पल्सवर ओळखखूणही असते. पण २०२४ मध्ये जपानच्या केओ विद्यापीठाच्या आणि कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन इथल्या गटांनी ९ लायडर तपासून दाखवलं की ताल बेताल करूनही, खूप वेगाने पल्सचा मारा केला तर ठिपके पुसता येतात. ओळखखूण असलेले सेन्सर त्यात बरे टिकतात. तुमच्या जुन्या १६ चॅनलवाल्यात यातलं काहीच नसणार.

रिसीव्हरवरच्या, ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणाऱ्या फिल्टरवरही विसंबू नका. अशा लेझरचा रंग दर अंश सेल्सिअसला ०.३ नॅनोमीटरच्या आसपास सरकतो. पहाटेचा गारवा आणि एप्रिलात तापलेला टप यांत ५० अंशांचा फरक धरला तरी १५ नॅनोमीटर झाले. म्हणून फिल्टर तेवढा रुंद ठेवावाच लागतो, आणि ऊन काय, परका लेझर काय, त्याच फटीतून आत येतो.

*

संपादक: चर्चा बचावापुरती ठेवावी. जॅमर कसा करायचा हे विचारणारा एक प्रतिसाद उडवला आहे.

*

कोनाडा:

मग सध्याच्या सेन्सरवर आंधळेपण ओळखायचा फुकटातला मार्ग सांगतो: जमिनीची रिंग, म्हणजे खालचे किरण फिरताना रस्त्यावर उमटणारं वर्तुळ. सेन्सर १.८ मीटरवर आहे. सगळ्यात खालचा किरण १५ अंश खाली जात असेल तर सपाट रस्त्यावर तो ६.७ मीटरवर टेकतो, ११ अंशवाला ९.३ वर. मधे माणूस आला तर अंतर कमी येईल, पण काहीतरी येईलच. पूर्ण गायब झालं तर पुढे खड्डा तरी आहे किंवा सेन्सर आंधळा तरी. दोन्ही वेळा थांबायचंच असतं, मग कारण शोधत बसू नका.

फेरीचे समजा ३६ भाग करा. पुढच्या भागांत रिंग तुटली की आधी वेग कमी करा, तुटलेलीच राहिली की थांबा. अडथळ्याचा निर्णय कॅमेऱ्याशी पडताळा, आणि पुढच्या बजेटात रडार मागा. ७७ गिगाहर्ट्झवाल्याला लेझरशी काही देणंघेणं नसतं.

*

धागाकर्ता:

तीन दिवसांनी अपडेट.

० आणि ९० लावून सरळ रस्त्यावर समोरासमोर आणि मागेपुढे दिवसभर चालवलं. एकही भूत नाही. चौकात दोनदा दिसली, दोन्ही वेळा हॉस्टेलकडून येणारी बग्गी डावीकडे वळत असताना. आता चौकात एका वेळी एकच सोडतोय.

रिंगची तपासणीही टाकली. सेन्सरच्या पुढच्या भागावर काळं कापड धरून सरांना दाखवलं. जुना प्रोग्राम कापडातून बिनधास्त निघाला असता, नवा जागेवर थांबला. सर काही बोलले नाहीत, रडारचं कोटेशन मागवायला सांगितलं. काका, हे तुमच्यामुळे.

पण काल संध्याकाळी पाऊस पडला आणि हॉस्टेलसमोर डबकं साचलं. पाण्यावर पडलेला किरण आरशासारखा पुढे निघून जातो, परत येतच नाही. रिंग तुटली, बग्गी डबक्यासमोर उभी. चार वेळा रीसेट केलं, चारही वेळा तिने नकार दिला. शेवटी पोरांनी ढकलत नेली.

ओल्या डांबरावर आणि डबक्यावर रिंग तुटणं आणि कोणी मुद्दाम आंधळं करणं, हे वेगळं कसं ओळखायचं? दोन्हींच्या बॅग फाइल (सेन्सरची रेकॉर्डिंगं) आहेत. उद्या लिंक टाकतो.

*

निवृत्त तरंग:

लिंक टाक. तोवर डबक्यासमोर थांबते ती थांबू दे.