कपॅसिटरवाले कन्व्हर्टर खरंच निम्मी ऊर्जा जाळतात का?

फ्लायकॅप
कॉइल नसलेला, नुसत्या कपॅसिटरवर चालणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर (एका डीसी व्होल्टेजचं दुसरं करणारं सर्किट) वापरावा का, असं काल एकाने विचारलं. फेराइटगाभा यांनी एका ओळीत निकाल लावला: "कपॅसिटर भरताना निम्मी ऊर्जा उष्णतेत जाते, हे शाळेत शिकवतात. ५० टक्क्यांच्या वर जाणं शक्य नाही." विचारणारा आभार मानून निघून गेला. मला काही राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

निम्मी ऊर्जा जाते ती रिकामा कपॅसिटर थेट पूर्ण व्होल्टेजला जोडला तर. चालू कन्व्हर्टरमधला कपॅसिटर रिकामा होतो कधी? तो ४.९ व्होल्टपर्यंत उतरतो आणि परत ५ वर चढतो. कपॅसिटी सी धरली तर स्रोतातून घेतलेली ऊर्जा ०.५ सी, जळालेली ०.००५ सी. म्हणजे एक टक्का! सोडताना पलीकडेही साधारण तेवढीच जळते असं धरा. रिपल (व्होल्टेजचा हा चढ-उतार) लहान ठेवला की तोटाही लहान राहतो.

खरी मर्यादा गुणोत्तराची आहे. २:१ चा, इनपुट निम्मं करणारा कन्व्हर्टर म्हणजे आदर्श ट्रान्सफॉर्मर आणि त्यामागे एक रोध. ३.७ व्होल्टच्या सेलवरून १.८ हवे असतील तर जास्तीत जास्त ९७ टक्के मिळतात. तोच सेल ४.२ वर असताना ८६, कारण वरचे ०.३ व्होल्ट जाळावेच लागतात. भांडायचंच असेल तर यावर भांडू.

फेराइटगाभा
ठीक आहे, यावरच भांडू. बॅटरी दिवसभर ३.७ वर उभी राहते का? कॉइलवाला बक कन्व्हर्टर ड्युटी सायकल (स्विच चालू राहण्याचा वाटा) बदलतो आणि मोकळा होतो. तुमच्या सर्किटला गुणोत्तरं बदलायला स्विचांची अख्खी फौज लागते.

आणि मी हे ऐकीव बोलत नाही. पहिल्या नोकरीत ७६६० ही कपॅसिटरवाली कन्व्हर्टर चिप लावून ५ वरून उणे ५ व्होल्ट काढायचे होते. २० मिलिअँपिअरच्या लोडला उणे ३.९ मिळाले. ऑप-अँपचं आउटपुट खालून कापलं जात होतं आणि मी दोन आठवडे ऑप-अँपच बदलत बसलो. तेव्हापासून या प्रकारावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

फ्लायकॅप
दोन आठवडे गेले त्याचं वाईट वाटतं, पण दोष तत्त्वाचा नव्हता. त्या चिपचा आउटपुट रोध साधारण ५५ ओम असतो, डेटाशीटमध्येच लिहिलंय. पंप ५ किलोहर्ट्झचा, कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा, त्याचे २० ओम झाले. उरलेला बहुतेक रोध आतल्या स्विचांचा. लहानसहान लोडसाठी बनवलेल्या चिपवरून अख्खी जात नापास करणार?

फोनच्या फास्ट चार्जिंगकडे बघा. तिथे बऱ्याचदा २:१ चा चार्ज पंपच, म्हणजे हाच कपॅसिटरवाला कन्व्हर्टर, बसलेला असतो. अॅडॉप्टर २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी व्होल्टेज हलवतो आणि इनपुट बॅटरीच्या दुपटीच्या जरा वर धरून ठेवतो. रेग्युलेशनचं काम भिंतीजवळ, फोनच्या पोटात नुसता भागाकार. केबलमधला प्रवाह निम्मा, त्यामुळे केबलमधला तोटा चौथाई.

सोल्डरची वाफ
तुम्ही दोघंही कपॅसिटरवर जे छापलंय तेच धरून चाललात, आणि माझं डोकं तिथेच फिरतं.

८ वरून ४ व्होल्टचा बोर्ड केला होता. ५०० किलोहर्ट्झ, दोन सिरॅमिक समांतर, मिळून २० मायक्रोफॅरड. १/(४ × फ्रिक्वेन्सी × सी) केलं तर आउटपुट रोध २५ मिलिओम, ४ अँपिअरला ०.१ व्होल्टची घसरण. स्विचांचा रोध वेगळा. प्रत्यक्षात घसरण जवळपास दुप्पट! मॉस्फेट बदलले, ट्रेस रुंद केले. कपॅसिटी मोजणारा एलसीआर मीटर दर वेळी एकेकाचे १० मायक्रोफॅरड दाखवायचा, कारण मीटर बायस (कपॅसिटरवर कायम राहणारं डीसी व्होल्टेज) देतच नाही. शेवटी ४ व्होल्ट बायस देऊन मोजलं तेव्हा एकेक कपॅसिटर ५ मायक्रोफॅरडवर आलेला. मोठ्या अक्षरात १० छापतात आणि बायसचा आलेख शोधावा लागतो, याचा मला आजही संताप येतो.

जुना सर्किटवाला
एवढं काय त्यात? जास्त व्होल्टचा कपॅसिटर घ्यायचा. आम्ही कायम दुप्पट रेटिंग घेत आलो.

सोल्डरची वाफ
घेतला होता! त्याच आकाराचा २५ व्होल्टचा लावला, काडीचा फरक पडला नाही. आकार वाढवला तेव्हा कुठे पडला. दुप्पट रेटिंगचा नियम इलेक्ट्रोलिटिकच्या जमान्यातला, तो एक्स५आर जातीच्या सिरॅमिकला लावू नका. आणि सी०जी जातीच्या सिरॅमिकला हा रोगच नाही म्हणून तोही सांगू नका, तेवढी कपॅसिटी त्यात बसवायला केवढी जागा लागेल ते बघा.

जुना सर्किटवाला
आवाज चढवायची गरज नव्हती. माझे बोर्ड वीस वर्षं चालतायत.

सोल्डरची वाफ
चालत असतील. त्यात फ्लाइंग कपॅसिटर, म्हणजे इनपुटकडून आउटपुटकडे चार्ज वाहून नेणारा, होता का? डीकपलिंगला (नुसतं पुरवठ्याचं व्होल्टेज स्थिर ठेवायला) निम्मी कपॅसिटी गेली तर कुणाला कळतही नाही. इथे कपॅसिटी निम्मी झाली की आउटपुट रोध दुप्पट.

जुना सर्किटवाला
नव्हता. फ्लाइंग कपॅसिटर मी कधी लावलेला नाही, एवढं मान्य.

फ्लायकॅप
सोल्डर, मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण कॉइल तरी कुठे साधी आहे? सॅच्युरेशन करंट कुणी इंडक्टन्सच्या २० टक्के घसरणीला सांगतं, कुणी ३० ला. आणि तेवढ्याच आकारमानात कपॅसिटर कॉइलपेक्षा शेकडो पट ऊर्जा धरतो. निम्मी कपॅसिटी गेली तरी तोच पुढे.

फ्रिक्वेन्सी वाढवूनही भरपाई होते, फक्त मॉस्फेटचे गेट चालवण्याचा तोटा तेवढाच वाढतो. नाहीतर फ्लाइंग कपॅसिटरसोबत छोटी कॉइल घालून रेझोनन्सवर (दोघांच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीवर) चालवा. कपॅसिटर झटका न बसता भरतो. ४८ वरून १२ व्होल्टच्या अशा कन्व्हर्टरांची कमाल कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्या पुढे गेलीय.

फेराइटगाभा
म्हणजे शेवटी कॉइल लागलीच! एवढं लांबलचक लिहून माझ्याच दारात आलात.

फ्लायकॅप
नॅनोहेन्रीतली कॉइल आणि तुमचा बकचा गाभा, दोघांना एका मापाने मोजू नका. ऊर्जा साठवायचं मुख्य काम अजूनही कपॅसिटरच करतो.

फेराइटगाभा
ते "५० टक्के" चुकीचं होतं. रिकामा कपॅसिटर धरून बोललो. तो हिशोब पहिल्यांदा चालू करतानाचा. चालू कन्व्हर्टरला लागत नाही. वर दुरुस्ती टाकतो. पण इनपुट फिरतं असेल आणि आउटपुट घट्ट हवं असेल, तर मी बकच सांगणार.

फ्लायकॅप
त्या परिस्थितीत मीही बकच सांगेन.

सोल्डरची वाफ
दुरुस्ती टाकताच आहात तर बायस देऊन मोजायचंही लिहा. त्या बिचाऱ्याचा तरी बोर्ड वाचेल.