मदत हवी आहे : फ्लाय फिशिंग - ट्राउट समोर दिसतात पण एकही लागत नाही

तिखटमीठ
इथे कुणी फ्लाय फिशिंग (पिसं-दोऱ्यांचा खोटा किडा, म्हणजे फ्लाय, लावून मासे गरवणं) करतं का? डोकं फिरायची वेळ आलीये. सगळं सामान घेतलं, यूट्यूब बघून बघून डोळे गेले, बॅकयार्डात सराव केला, लाइन आता बऱ्यापैकी सरळ जाते, पण नदीवर गेलं की शून्य. ट्राउट मासे दिसतात हो मला, अगदी समोर, मी फ्लाय बरोब्बर त्यांच्या डोक्यावरून नेते आणि ते ढिम्म. पलीकडे एक आजोबा येतात ते एकामागून एक काढतात आणि सोडतात आणि वर माझ्याकडे बघून हात हलवतात. शिवाय फ्लाय सारख्या तुटतात, मागे फट्ट आवाज येतो आणि गायब, एकेक अडीच डॉलरची असते ती! कुठली फ्लाय लावू एवढंच सांगा. शनिवारी परत जायचंय, लाँग वीकेंड आहे. लेक्चर नको प्लीज.

रारिटनकाठी
डॉलर लिहिलंय म्हणजे अमेरिका एवढं कळलं. आता राज्य, नदी, किती वाजता जाता आणि सध्या कुठली फ्लाय लावताय तेही सांगा. नुसतं "कुठली फ्लाय" म्हणजे डॉक्टरला फोन करून "कुठली गोळी घेऊ" विचारल्यासारखं आहे.

बाबूराव मालवणकर
अरे मित्रा कशाला एवढा खटाटोप. तंगूस, गरी आणि गांडूळ. आम्ही लहानपणी कर्लीच्या खाडीत बांबूच्या काठीने गरवायला बसायचो, संध्याकाळपर्यंत पिशवी भरायची. पिसं बांधून माशाला फसवायचं हे साहेबी चोचले. माशाला खायला द्या, तो येतोच.

शेवग्याची शेंग
बाबूरावकाका, "नेते" लिहिलंय हो वर. मैत्रीण आहे.

हिमशिखर
ट्राउटसाठी तीर्थन व्हॅलीसारखी जागा नाही. हिमाचलमध्ये, बंजारच्या पुढे गुशैणीला राहायचं, नदी होमस्टेच्या दारातून वाहते. परमिट काढावं लागतं, आणि १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद असतं कारण तो अंडी घालायचा काळ. मार्च-एप्रिल किंवा मग पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला पाणी गढूळ, जाऊ नका. पुण्याहून चंदीगड फ्लाइट आणि पुढे टॅक्सी. हवं असेल तर आयटिनररी टाकतो.

तिखटमीठ
हिमशिखर, मी न्यू जर्सीत आहे, तीर्थन या शनिवारी जमणार नाही.
साउथ ब्रँच रारिटन नदी, केन लॉकवूड गॉर्ज (अरुंद दरी). रॉड ९ फुटी ५ वेट (कुठल्या वजनाच्या लाइनसाठी तो आकडा), लाइन फ्लोटिंग. पोराची रविवारची मराठी शाळा असते, त्याला सोडलं की जाते, म्हणजे अकरा ते दोन. शनिवारीही साधारण तेव्हाच जाईन. फ्लाय सगळ्या लावून बघितल्या. बॉक्समध्ये जेवढ्या आल्या होत्या तेवढ्या सगळ्या आळीपाळीने. बारक्या फ्लायच्या डोळ्यातून दोरा जातच नाही म्हणून हल्ली मोठ्याच लावते, १० नंबर वगैरे.

निंफवाला
ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, विसरा. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखाली चालतं. तुम्हाला ते तळाशी उभे दिसतायत आणि तुम्ही डोक्यावर फ्लाय नाचवताय, ते कशाला वर येतील? युरो निंफिंग करा, म्हणजे निंफ (पाण्याखालच्या किड्यासारखी बुडणारी फ्लाय) ताणलेल्या दोऱ्याने तळाशी न्यायची. १० फुटी ३ वेट रॉड घ्या, टंगस्टनचा जड मणी असलेल्या निंफ, फ्लाय लाइन पाण्याला लागूच द्यायची नाही. गॉर्जसारख्या खळाळत्या पाण्यात याला तोड नाही.

संथ वाहते
झालं. यांना कुठल्याही धाग्यावर युरो निंफिंगच दिसतं. अहो त्यांच्याकडे ५ वेटचा रॉड आहे, शनिवारी जायचंय, तुम्ही नवीन रॉड काय घ्यायला लावताय! साधा इंडिकेटर, म्हणजे दोऱ्यावरचा तरंगता गोळा, लावा, खाली फेझंट टेल किंवा हेअर्स इअर निंफ, १६ नंबर म्हणजे तुमच्या १०पेक्षा बारीक, पाणी जेवढं खोल त्याच्या दीडपट अंतरावर फ्लाय. इंडिकेटर थबकला, बुडला, आडवा सरकला, काहीही वेगळं केलं की रॉड उचलायचा. मासा ओढेल याची वाट बघायची नाही, तो तोवर थुंकून मोकळा होतो.

निंफवाला
इंडिकेटर म्हणजे बॉबर. बॉबर लावायचा तर मग बाबूरावांचं गांडूळ काय वाईट?

बाबूराव मालवणकर
तेच म्हणतोय मी सकाळपासून.

रारिटनकाठी
गॉर्जमध्ये गांडूळ चालत नाही, तिथे फक्त कृत्रिम आमिष. वॉर्डन बघतो, दंड बसेल, उगाच तिला अडकवू नका.

आणि "बारक्या फ्लायच्या डोळ्यातून दोरा जात नाही" हे वाक्य कुणी वाचलं का? तिखटमीठ, तुमचा लीडर कुठला आहे आणि कधीचा आहे?

तिखटमीठ
लीडर म्हणजे लाइनच्या पुढचा पारदर्शक दोरा ना? तो आहे की. किटबरोबर आला तोच, पाकिटावर ९ फूट ५एक्स लिहिलं होतं. पहिल्यापासून तोच आहे, चांगला मजबूत आहे.

रारिटनकाठी
बरोबर, मजबूत आहे हीच अडचण आहे.
लीडर एकसारखा नसतो. लाइनकडे जाड, टोकाकडे बारीक होत जातो. ५एक्स म्हणजे टोकाला ०.००६ इंच, केसासारखा. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल तेवढे हजारांश इंच. आता प्रत्येक वेळी फ्लाय बदलताना तुम्ही गाठीपुढचा तुकडा कापता, चार-पाच इंच जातात, वर फट्ट होऊन तुटतं ते वेगळं. बॉक्समधल्या सगळ्या फ्लाय लावून झाल्या म्हणताय म्हणजे बारीक भाग केव्हाच संपला, आता तुम्ही जाड बुडख्यालाच फ्लाय बांधताय. म्हणून १६ नंबरच्या डोळ्यात तो शिरत नाही. जाड दोरा ताठ असतो, त्याच्या टोकाला फ्लाय मोकळी वाहतच नाही, खिळा ठोकल्यासारखी जाते. स्वच्छ पाण्यात ट्राउटला ते लगेच कळतं.

घरी आत्ता टेप लावून मोजा. सहा फुटांच्या खाली असेल तर तो फेकून नवीन लावा, पाच-सहा डॉलरला मिळतो. आणि ५एक्स टिपेटचं, म्हणजे लीडरच्या टोकाला जोडायच्या बारीक दोऱ्याचं, एक वेगळं रीळ घ्या. नवीन लीडरच्या टोकाला दीड-दोन फूट टिपेट जोडायचं, डबल सर्जन गाठ, घट्ट ओढायच्या आधी थुंकी लावून ओली करायची, कोरडी ओढली की दोरा तापून कमजोर होतो. मग कापाकापी त्या टिपेटची होते, लीडर महिनोन् महिने टिकतो. जुन्या जाड लीडरला डायरेक्ट ५एक्स जोडू नका, जाडीत एवढा फरक असला की गाठ धरत नाही.

फट्ट आवाज म्हणजे चाबूक. मागे गेलेली लाइन सरळ व्हायच्या आत तुम्ही पुढे ओढताय. मान वळवून मागे बघा, लाइन उलगडली की मगच पुढे.

तिखटमीठ
मोजला. चार फूट आणि थोडा. 😐
किटमध्ये हे कुठेच लिहिलं नव्हतं.

तेनकारा_ताई
गॉर्जमध्ये मागे झाडं आहेत, तिथे बॅककास्ट, म्हणजे लाइन मागे फेकणं, करायचाच कशाला? तेनकारा घ्या. जपानी पद्धत, रीलच नाही, लांब लवचिक काठी आणि टोकाला दोरा. मोठ्या दगडांमागच्या खळग्यात फ्लाय टाकायची, लाइन हवेत उचलून धरायची, प्रवाह ओढत नाही. मी पाच मिनिटांत शिकले.

संथ वाहते
मोठा ब्राउन ट्राउट लागला की रील नसल्यावर काय करता, मागे धावता?

तेनकारा_ताई
हो, धावते. व्यायाम होतो.

संथ वाहते
असो. मागे झाडं असतील तर आहे त्याच रॉडने रोल कास्ट शिका. लाइन पाण्यावरून हळू मागे ओढत आणायची, रॉड कानाशी, लाइनचा डी आकाराचा झोल खांद्यामागे लोंबला की थांबायचं आणि मग पुढे ठोका. लाइन मागे जातच नाही, झाडात अडकणार कशी. फक्त हा सराव गवतावर होत नाही, खाली पाणी लागतं, पाण्याने लाइन धरून ठेवावी लागते.

आणि "डोक्यावरून नेते" हा शब्दप्रयोग मला खटकला. नेते म्हणजे काय? ओढता का फ्लाय?

तिखटमीठ
ओढत नाही, लाइन टाकली की ती आपोआप जाते की प्रवाहाबरोबर. थोडी तिरकी जाते, पाण्यावर बारीक रेघ उमटते मागे.

संथ वाहते
ती रेघ म्हणजेच ड्रॅग. मधला प्रवाह जोरात, मासा उभा असतो कडेच्या संथ पाण्यात, मधल्या पाण्याने लाइनचं पोट पुढे ओढलं की फ्लाय स्पीडबोटीसारखी निघते. खरा किडा असा जात नाही, तो पाण्याच्या वेगानेच वाहतो. लाइन पडल्या पडल्या रॉडच्या टोकाने तिचं पोट वरच्या अंगाला उचलून ठेवायचं, याला मेंड म्हणतात. दोन-तीन सेकंद जरी फ्लाय मोकळी वाहिली तरी पुष्कळ. त्यापेक्षा सोपं म्हणजे जवळ जा. गॉर्जमध्ये १५-२० फुटांवरून मासे लागतात, लांब कास्ट टाकायची हौस बॅकयार्डात भागवा. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तुम्ही खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जा. तुम्हाला तो इतका स्वच्छ दिसतोय म्हणजे बहुतेक त्यालाही तुम्ही दिसताय. कपडे कुठल्या रंगाचे असतात?

तिखटमीठ
हे काय विचारणं झालं. केशरी जॅकेट आहे, नवऱ्याचं.

शेवग्याची शेंग
😂😂

निंफवाला
दुपारी अकरा ते दोन, ऊन डोक्यावर, केशरी जॅकेट. वा. सकाळी सहाला जा नाहीतर संध्याकाळी. मेअखेरीला तिथे संध्याकाळी सल्फर निघतात, फिकट पिवळ्या मेफ्लाय, दिवेलागणीला पाण्यावर नुसती उधळण असते. तेव्हा मी सुद्धा ड्राय लावतो, १६ नंबर पिवळसर. दिवसा निंफ.

संथ वाहते
स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. निंफवाला ड्राय लावतात.

थर्मामीटर
पाण्याचं तापमान कुणीच बोलत नाहीये. पाणी ६८ फॅरनहाइटच्या, म्हणजे २० सेल्सिअसच्या वर गेलं की ट्राउट पकडूच नये. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, मासा झुंजून दमतो आणि तुम्ही प्रेमाने सोडला तरी पुढे जाऊन मरतो. आत्ता मेमध्ये सकाळी ठीक असतं, जून-जुलैच्या दुपारी ही नदी तापते. छोटा थर्मामीटर दोरीला बांधून ठेवा. हाय ब्रिजजवळ यूएसजीएसचा (सरकारी भूशास्त्र खात्याचा) पाणी मोजायचा गेज आहे, निघायच्या आधी पाण्याची पातळी ऑनलाइन बघा, पावसानंतर चढलेल्या पाण्यात एकटीने उतरू नका. वेडरला (पाण्यात उतरायच्या जलरोधक पँटला) पट्टा बांधलाच पाहिजे, पडलात तर पाणी आत फारसं भरत नाही.

मुक्ता_के
पकडून सोडायचंच असेल तर पकडायचाच कशाला? माशाच्या तोंडात हूक घुसवायचा आणि वर म्हणायचं आम्ही निसर्गप्रेमी. खायला मारला तर एकवेळ समजू शकते.

बाबूराव मालवणकर
मुक्ताताईंशी शंभर टक्के सहमत. ट्राउटची आमटी कशी लागते कुणी केलीय का? काटे किती असतात?

थर्मामीटर
मुक्ता, मुद्दा चुकीचा नाही, पण इथल्या नद्यांसाठी पैसा लायसन आणि स्टॅम्पमधूनच बराचसा येतो. त्या नदीतले बहुतेक रेनबो ट्राउट पेक्वेस्टच्या हॅचरीत (सरकारी मत्स्यपालन केंद्रात) वाढवलेले असतात, तिथून दरवर्षी सहा लाखांच्या आसपास ट्राउट राज्यभर सोडतात. मूळचा इथला म्हणजे ब्रुक ट्राउट, १९९१पासून राज्याचा मासा. ब्राउन युरोपातून आणलेला, रेनबो पश्चिम किनाऱ्याकडचा. तीर्थनचे ट्राउट पण इंग्रजांनीच आणून सोडलेले आहेत, हिमशिखर.

तिखटमीठ, हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, मासा लवकर सुटतो. हात ओला करून धरा. आणि लायसनबरोबर ट्राउट स्टॅम्प आहे ना?

तिखटमीठ
लायसन आहे. स्टॅम्प म्हणजे?

थर्मामीटर
शनिवारच्या आधी काढा. ट्राउट धरायचा तर वेगळा लागतो, सोडून देणार असाल तरीही. ऑनलाइन मिळतो.

शेवग्याची शेंग
आणि घरी आल्यावर टिक्स (गोचिड) बघा, कानामागे, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली. न्यू जर्सीत टिक चावून होणारा लाइम रोग आहे. माझ्या जावेला झालाय. मासेमारीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण हे सांगायलाच पाहिजे.

तिखटमीठ
अपडेट. नवीन लीडर, ५एक्स टिपेट, करड्या रंगाचा टीशर्ट, स्टॅम्प पण काढला. सकाळी साडेसहाला पोचले, नवरा घरी पोराला बघत होता. हेअर्स इअर १६ नंबर, इंडिकेटर. एका मोठ्या दगडामागे टाकली, इंडिकेटर अर्धवट बुडाला, मी रॉड उचलला आणि लागला की! चांगला वीतभर. पण ट्राउट वाटत नाही. ठिपके अजिबात नाहीत, चंदेरी, खवले मोठे मोठे, तोंड खाली वळलेलं, आणि आधी जोरात ओढला पण मग एकदम गप्पच झाला. काय असेल? फोटो काढायच्या आत सटकला. आजोबांनी लांबून अंगठा दाखवला.

रारिटनकाठी
फॉलफिश. चब म्हणतात काही जण. त्याच पाण्यात असतो, त्याच फ्लायला लागतो, पहिला दम संपला की ओंडका होतो. नाराज होऊ नका, फॉलफिशने घेतली म्हणजे ड्रिफ्ट, फ्लायचं मोकळं वाहणं, बरोबर आहे. त्याच दगडाच्या वरच्या अंगाला, फेसाची रेघ जाते तिथे टाका, आणि इंडिकेटर अर्धा फूट वर सरकवा, फ्लाय मधूनमधून तळाला टेकली पाहिजे. कधीच टेकत नसेल तर एक बारीक स्प्लिट शॉट (दोऱ्यावर दाबून बसवायचा छर्रा) लावा.

निंफवाला
युरो निंफिंगमध्ये हे सगळं सरकवायची गरज पडत नाही.

संथ वाहते
🙏

बाबूराव मालवणकर
फॉलफिश खातात का? आणि एक विचारायचं होतं, जूनमध्ये लेकीकडे एडिसनला येतोय तीन आठवडे. काठी घेऊन येऊ का? विमानात चालते का?

रारिटनकाठी
काका, काठी कशाला आणता, माझ्याकडे जास्तीची आहे. बाहेरच्या लोकांसाठी सात दिवसांचं लायसन मिळतं, ट्राउटचा स्टॅम्प वेगळा. फॉलफिशमध्ये काटेच काटे, चव पण काही नाही म्हणतात. गांडूळ मात्र गॉर्जमध्ये नाही म्हणजे नाही.

बाबूराव मालवणकर
मग गॉर्जच्या बाहेर कुठे चालतं ते सांगा.