'गुरुत्वाकर्षण' या शब्दातलं 'आकर्षण' आता ठेवायचं का?

प्रश्न: अकरावीच्या मुलांसाठी टिपणं काढताना अडले आहे. पहिल्या पानावर लिहिलं, 'आइन्स्टाइनच्या मते गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढ नव्हे, अवकाशकालाची वक्रता.' तिसऱ्या पानावर बल वाहून नेणारा ग्रॅव्हिटॉन आला. वक्रता असेल तर कण कशाला? आणि शब्द कोणता वापरू?

उत्तर: या शब्दाचे दोन्ही तुकडे भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त एकाच श्लोकात भेटतात. 'आकृष्टिशक्तिश्च मही', पृथ्वीला ओढायची शक्ती आहे, आणि ती ओढते 'गुरु', म्हणजे जड वस्तू. पुढचे शब्द मला फार प्रिय आहेत: 'तत्पततीव भाति'. ती पडल्यासारखी भासते.

१९१५ मध्ये आइन्स्टाइनने ओढच काढून टाकली. मुलांच्या हातात सोललेलं संत्रं द्या. फोडींमधल्या रेषा मध्यावर समांतर असतात आणि देठाशी एकत्र येतात. त्यांना कुणी ओढलेलं नसतं, फळच गोल आहे. झाडावरून पडणाऱ्या आंब्याच्या बाबतीत मात्र वक्रता मुख्यतः काळाची: जमिनीजवळचं घड्याळ किंचित हळू चालतं.

आता कण. प्रकाशाच्या लहरीचा सर्वांत लहान हप्ता म्हणजे फोटॉन, तसा वक्रतेच्या लहरीचा ग्रॅव्हिटॉन. लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने टिपली. कण अजून कुणाला सापडलेला नाही. पण वस्तुमान शून्य आणि स्पिन (कणाचा फिरकीसारखा अंगभूत गुण) २ असलेला कण गृहीत धरून सुसंगत गणित मांडत गेलं, की कमी ऊर्जेला आइन्स्टाइनचीच समीकरणं हाती येतात. म्हणून तुमचं पहिलं आणि तिसरं पान एकमेकांच्या विरोधात नाहीत. गाडी अडते ती कृष्णविवराच्या गाभ्यासारख्या ठिकाणी. तिथे हे गणित निरुपयोगी ठरतं.

शब्दांचं म्हणाल तर न्यूटनसाठी 'गुरुत्वाकर्षण', एरवी नुसतं 'गुरुत्व'. 'गुरुत्वाकर्षण लहरी' तर नकोच. ती लहर ओढत नाही. एका दिशेला ताणते, काटकोनात दाबते, मग उलट.

शंका: पण 'विशिष्ट गुरुत्व' म्हणजे घनतेचं गुणोत्तर. मुलं गोंधळतील.

उत्तर: रास्त आहे. तिथे 'सापेक्ष घनता' लिहा, पुस्तकांत तो शब्द रुळलेला आहे. 'गुरुत्वमध्य' मात्र तसाच राहू द्या. आणि ग्रॅव्हिटॉनला 'गुरुत्वकण' करू नका. फोटॉनला आपण 'प्रकाशकण' म्हणत बसत नाही.

मूळ प्रश्नकर्ती: पहिलं पान बदललं. संत्रं उद्या वर्गात नेते.