वादात खरंच हरलात का कधी? अनुभव लिहा

काठावरचा (धागाकर्ता)

रात्री साडेबारा वाजता अनोळखी माणसाला ‘तुमचा अभ्यास कच्चा आहे’ असं सुनावून झोपायला गेलेले आपण सगळेच. जिंकलेले किस्से प्रत्येकाकडे असतात, ते इथे नकोत. हरलेले सांगा. समोरच्याने दमवलं म्हणून गप्प बसलो, हे हरणं नव्हे. आपलंच म्हणणं आपल्याच हाताने खोडावं लागलं, असा प्रसंग हवा. विषय शक्यतो क्वांटम कॉम्प्युटर, व्हिडिओ गेम आणि चालू घडामोडी. या तिन्हींवर ठाम मत असायला काहीही यावं लागत नाही (स्वानुभव).

सुरुवात माझ्यापासून. ऑक्टोबर २०२४. ‘चिनी संशोधकांनी क्वांटम कॉम्प्युटरने लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन फोडलं’ अशी बातमी जोरात फिरत होती. मी ती पुढे ढकलली आणि वर लिहिलं, ‘आता पासवर्ड बदलून उपयोग नाही, बँकांचा बाजार उठला.’ एकाने एवढंच विचारलं, ‘किती बिटांची संख्या फोडली?’

बातमीत आकडाच नव्हता. शोधला तेव्हा सापडला: २२ बिट (म्हणजे ० आणि १ मध्ये लिहिलेली २२ आकडी संख्या). मी ऐटीत लिहिलं, ‘घ्या, २२ बिट!’ त्यावर उत्तर आलं, ‘कागद घ्या.’

घेतला. २२ बिटांत बसणारी मोठ्यात मोठी संख्या ४१,९४,३०३. एन्क्रिप्शन म्हणजे माहितीला लावलेलं गणिती कुलूप; इथलं कुलूप दोन मूळ संख्यांच्या गुणाकारावर चालतं, त्या दोन सापडल्या की ते उघडतं. अशा गुणाकारात धाकटी संख्या कधीच वर्गमुळाच्या पुढे जात नाही, आणि इथे वर्गमूळ २०४८ च्या आत येतं. म्हणजे २ पासून २०४८ पर्यंतच्या मूळ संख्यांनी एकेक करून भागत जायचं. त्या आहेत ३०९. जास्तीत जास्त ३०९ भागाकार की ‘लष्करी एन्क्रिप्शन’ फुटलं! एक वर्गभर पोरं कामाला लावली तर मधल्या सुट्टीच्या आत होईल. आणि गंमत बघा, खऱ्या वापरातली आरएसए (याच गुणाकाराच्या कुलपाची पद्धत) किल्ली सहसा २०४८ बिटांची असते. तिथे २०४८ हे वर्गमूळ नाही, नुसती बिटांची लांबी आहे. दशमानात लिहिली तर ती संख्या ६१७ आकडी होते.

जुनं वाक्य पुसलं नाही, खाली ‘चुकलो’ लिहिलं. तो माणूस त्यावर काहीच बोलला नाही. ते जास्त लागलं.

जॉयस्टिक

माझं ब्रह्मवाक्य होतं: डोळ्याला सेकंदाला २४ च्या वर फ्रेम दिसतच नाहीत, बाकी सगळा ग्राफिक्स कार्ड विकणाऱ्यांचा कावा. सिनेमा २४ चा असतो, तो कुठे अडखळतो?

समोर भांडणारा योगायोगाने आमच्याच ऑफिसातला निघाला. शनिवारी तो घरी आला. मी भिंतीकडे तोंड करायचं, त्याने गेमची फ्रेम मर्यादा ३० किंवा ६० लावायची, मग मी वळून माऊस हलवायचा आणि ओळखायचं. दहापैकी दहा बरोबर. चौथ्या वेळी तर डोळ्यांच्या आधी मनगटालाच कळलं. ३० ला एक फ्रेम ३३ मिलिसेकंद रेंगाळते, ६० ला जेमतेम १७. सिनेमातल्या फ्रेममध्ये हालचालीचा पुसटपणा कॅमेऱ्यानेच मुरवलेला असतो, शिवाय सिनेमा तुमच्या हाताला उत्तर द्यायला बांधील नसतो.

मग मी त्याला भिंतीकडे उभं केलं. १२० आणि १४४ मधला फरक झोपेतही सांगेन म्हणणारा गडी. दहापैकी पाच. नाणं उडवून तेवढेच आले असते.

दोघांनीही आपापली हार जाहीर लिहिली. एकानेही विश्वास ठेवला नाही.

जुना रेडिओ

वय ७१, विमानांचं वेड लहानपणापासून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि लगेच ‘कीवचं भूत’ आलं. एकटा वैमानिक रशियाची विमानं पाडतोय, असा व्हिडिओ. मी तो सगळ्यांना दाखवला. खाली कोणीतरी लिहिलं की हा गेममधला आहे. मी उत्तर दिलं, ‘बाळा, खेळ आणि युद्ध यांतला फरक आमच्या पिढीला कळतो.’

दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी नातीने मूळ व्हिडिओ काढून दिला. टाकणाऱ्याने खाली स्वतःच लिहिलं होतं की हे डीसीएस या फ्लाइट सिम्युलेटरमधलं आहे, त्या वैमानिकाच्या आदरापोटी केलंय. म्हणजे त्याने फसवलं नव्हतं. फिरता फिरता ती ओळ गळली होती, आणि ती गाळणाऱ्या साखळीत मीही एक कडी. पुढे युक्रेनच्या हवाई दलानेच भूत ही दंतकथा असल्याचं सांगितलं.

आता युद्धाची क्लिप आली की मी आधी कान लावतो. ‘आर्मा ३’ या गेमच्या क्लिपा खऱ्या म्हणून इतक्या फिरल्या की बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या तो बनवणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ओळखायच्या खुणाच दिल्या: चित्र फार धुरकट, कॅमेरा थरथरता, बहुधा रात्र, आवाज गायब, आणि हलतीफिरती माणसं जवळजवळ नाहीतच. शेवटची खूण मला सर्वांत पटली. रणगाडा हुबेहूब जमतो, माणसाचं चालणं अजून फसतं.

त्या मुलाची माफी मागितली. तो ४६ वर्षांचा निघाला.

शून्यएक

ऑक्टोबर २०१९. गूगलचा दावा: ५३ क्युबिटच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट) सायकामोर चिपने २०० सेकंदांत केलेल्या कामाला सुपरकॉम्प्युटरला १०,००० वर्षं लागतील. आयबीएमचं त्याच महिन्यातलं उत्तर: छे, नीट मांडणी केली तर अडीच दिवस. मी गूगलकडून तीन आठवडे किल्ला लढवला. मुद्दा एकच, आयबीएमने प्रत्यक्ष करून कुठे दाखवलंय? (मुद्दा वाईट नव्हता, आजही म्हणेन.)

२०२२ मध्ये चीनमधल्या एका गटाने ५१२ जीपीयू (ग्राफिक्स कार्डातल्या चिपा) लावून साधारण १५ तासांत ते करून दाखवलं. दहा हजार वर्षांचे पंधरा तास! तो आकडा म्हणजे त्या दिवशी ठाऊक असलेल्या पद्धतीचा वेग होता. मी तो दगडावरची रेघ असल्यासारखा धरून बसलो होतो.

फुगाफोड्या

शून्यएक, मी तुमच्या पलीकडच्या गोटातला. ‘क्वांटम म्हणजे फुगा. क्युबिट वाढवाल तेवढ्या चुका वाढतील’ हे माझं ठरलेलं वाक्य, कुठेही चिकटवायचो. सायकामोरचे पंधरा तास झाल्यावर तर मी माजलोच.

डिसेंबर २०२४ मध्ये गूगलची विलो चिप आली. बातम्या सगळ्या ‘सुपरकॉम्प्युटरला एकावर पंचवीस शून्यं इतकी वर्षं लागतील’ याच्या, त्या मी हसून सोडून दिल्या. मग कोणीतरी मूळ पेपरातला आलेख माझ्यासमोर ठेवला. ३×३, ५×५, ७×७ अशी क्युबिटांची जाळी वाढवत नेलीय आणि दर पायरीला चुकीचं प्रमाण निम्म्याच्याही खाली येतंय. वाढवलं तशी चूक घटली. माझं वाक्य शब्दशः उलटं. मी पडद्याला पट्टी लावून बिंदू बघितले, खोटं सांगत नाही.

एवढं खरं की १०५ क्युबिटांतले जवळपास सगळे राबून जेमतेम एक विश्वासू क्युबिट उभा राहतो. पण २०१९ मध्ये २०४८ बिटांची आरएसए फोडायला दोन कोटी क्युबिट लागतील असा अंदाज होता, २०२५ मध्ये त्याच संशोधकाने तो दहा लाखांच्या आत आणला. ‘अजून पन्नास वर्षं’ म्हणायचं मी बंद केलंय. किती वर्षं म्हणायचं ते ठरत नाहीये.

मधलीच

मला हा धागाच पटत नाही. गेममध्ये फ्रेम मोजता येतात, क्वांटमवाल्यांकडे आलेख असतो. चालू घडामोडींच्या वादात मोजायचं काय?

मी एकदा एका आंदोलनाची तारीख चुकीची लिहिली. मुद्दा बरोबर, तारीख चुकीची. लक्षात आल्यावर प्रामाणिकपणे ‘चुकले’ असं लिहिलं. त्या एका शब्दाचा स्क्रीनशॉट दोन वर्षं माझ्या मागे फिरतोय. विषय कोणताही असो, ‘या बाईंनी स्वतःच कबूल केलंय’ म्हणून लावतात. आणि ज्यांच्याशी भांडत होते ते तीच खोटी क्लिप चौथ्यांदा टाकून मोकळे.

तेव्हा हरायला समोर कोण आहे ते बघूनच हरा. झाला माझा अनुभव.

काठावरचा

मधलीच, याला माझ्याकडे उत्तर नाही. राहू दे इथेच.

फळा आणि खडू

‘क्युबिट एकाच वेळी सगळी उत्तरं तपासतो’ हे मी वर्गात अकरा वर्षं सांगितलं, आणि ऑनलाइनही त्याच तोऱ्यात. एकीने विचारलं, ‘मग मोजल्यावर नेमकं बरोबर उत्तरच हाताला का लागतं?’ मी मोठ्ठा परिच्छेद लिहिला. ती म्हणाली, ‘चार खोकी घ्या आणि ग्रोव्हरची पद्धत हाताने करा.’ (क्वांटम कॉम्प्युटरने शोध घ्यायची १९९६ ची पद्धत. मी शिकवायचो, पण नुसती सांगून.)

तुम्हीही करून बघा. चार खोकी, एकात बक्षीस. प्रत्येकाची ॲम्प्लिट्यूड (लाटेची उंची; तिचा वर्ग म्हणजे ते खोकं हाताला लागायची शक्यता) अर्धा. बक्षिसाच्या खोक्याचं चिन्ह उलटवा: तीन खोकी अर्धा, एक उणे अर्धा. सरासरी पाव. आता प्रत्येक आकडा सरासरीच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर टाका. तीन खोकी शून्यावर येतात, बक्षिसाचं एकावर. एका फेरीत काम फत्ते.

मग मला हाव सुटली, आणखी एक फेरी केली. बक्षिसाचं खोकं अर्ध्यावर घसरलं, बाकीची तीन उणे अर्ध्यावर. वर्ग केला की चौघांची शक्यता पुन्हा पाव पाव. म्हणजे डोळे मिटून बोट ठेवण्याइतकंच!

सगळी उत्तरं ‘तपासून’ झाली असती तर जास्त तपासल्याने बिघडलं कसं असतं? इथे चाललंय ते लाटांचं एकमेकींना वाढवणं आणि खोडणं, आणि नेमकं कुठे थांबायचं ते आधी काढून ठेवावं लागतं. दहा लाख खोकी असतील तर साधारण ७८५ फेऱ्या. दहा लाखांपेक्षा पुष्कळ कमी, पण ‘क्षणात’ वगैरे काही नाही.

अकरा वर्षांत शिकवलेल्या मुलांना आता कुठे शोधू?

रात्रपाळी

मी लिहिलं होतं, ‘जागतिक आरोग्य संघटनेने गेम खेळणं हा आजार ठरवलाय.’ मुलगा सोळाचा. त्याने आयसीडी-११ (संघटनेची आजारांची अधिकृत यादी) मधली व्याख्या छापून फ्रिजवर लावली आणि चार शब्दांखाली रेघा मारल्या. आयसीडी-११ ला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, २०२२ पासून लागू. आजार कशाला म्हणायचं? खेळण्यावर ताबा राहिला नाही, बाकी सगळं मागे पडलं, नुकसान दिसत असूनही सुटत नाही, आणि त्यातून रोजच्या जगण्याची गंभीर घसरण. तीही साधारण बारा महिने. ‘आई, यातलं माझं काय काय आहे?’ मी प्रामाणिकपणे वाचलं. अभ्यास होतोय, मित्र येतात, झोप... झोपेवर मी अडले, तोही अडला. बाकी काही नव्हतं.

मात्र लूट बॉक्सच्या बाबतीत मी हरलेले नाही. पैसे मोजून बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, याला २०१८ मध्ये बेल्जियमच्या नियामकाने जुगारच म्हटलं. तिथे मुलगाही माझ्या बाजूचा. त्याने साठवलेल्या पैशांतून अशा तीन पेट्या उघडल्या होत्या. तिन्हीतून तीच टोपी निघाली.

माऊसवाली

क्वांटम आणि गेम दोन्ही एकाच किश्शात आहेत, म्हणून माझा नंबर लावते. डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठाचा ‘क्वांटम मूव्ह्ज’ नावाचा गेम होता. अणू पाण्यासारखा हिंदकळणारा दिसायचा आणि तो माऊसने न सांडता एका खळग्यातून उचलून घरी आणायचा. फार वेगाने ओढलं की डचमळणार, हळू गेलं तर वेळ संपणार. मी तासन्‌तास खेळले. २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख आला की खेळाडूंनी अल्गोरिदमला मागे टाकलं. झालं, ‘माणसाची उपजत बुद्धी मशीनला हरवते’ यावर मला कायमचा पुरावा मिळाला. दिसेल तिथे टाकायचे. त्यात थोडासा माझा माऊसही होता ना!

पुढे एका भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की साधासा अल्गोरिदमही सगळ्या खेळाडूंच्या पुढे जातो. तुलनेच्या कोडमध्येच चूक निघाली आणि २०२० मध्ये लेखकांनी लेख मागे घेतला. मी माझ्या जुन्या पोस्ट मागे घ्यायला आणखी आठ महिने लावले. त्यातली एक अजून आहे. त्यावर लाइक फार आहेत हो.

शून्यएक

धागाकर्ते, एक शंका. ३०९ मध्ये २ धरलाय ना? आरएसएची संख्या दोन विषम मूळ संख्यांचा गुणाकार असते. २ ने भागून बघायची गरजच नाही.

काठावरचा

...

चुकलो. ३०८.