सोसायटी ग्रुप : पिकअपचा डावा इंडिकेटर

काकू, ए-२०३ : काल रात्री साडेआठला दूध घेऊन येत होते. पुढे सी विंगची पिकअप. सरळ जाईल म्हणून मी डावीकडून निघाले, तर गेटसमोर एकदम डावीकडे वळली! इंडिकेटर नाही, काही नाही. स्कूटी घसरली, दोन लिटर दूध रस्त्यावर. गुडघा अजून ठणकतोय. हे मी दिवाळीच्या आधीपासून सांगतेय.

दादा, सी-००२ : काकू, मनापासून माफी. मी इंडिकेटर दिला होता. आत टकटक वाजत होतं, पुढचा लागतही होता. मागचा लागत नाही हे मला उतरल्यावर कळलं. दुधाचे पैसे देतो.

काकू, ए-२०३ : पैशांचा प्रश्न नाहीये. माझ्या जागी कोणाची नात असती तर?

अण्णा, बी-४०१ : मागच्या सर्वसाधारण सभेत मुद्दा क्र. ७ प्रमाणे कमर्शियल गाडी गेटच्या आत उभी करायची नाही असं ठरलं आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.

ताई, सी-३०४ : अण्णा, "ठरलं" नाही, "चर्चा झाली". मी होते त्या सभेला.

सेक्रेटरी : कृपया शांततेने बोलावे. काकू, डॉक्टरांना दाखवलं का?

दादा, सी-००२ : गाडी २००९ ची आहे. गेल्या महिन्यात दोनदा रिले (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बदलला, तीनदा बल्ब टाकले. चार दिवस लागतो, की पुन्हा बंद. आता गॅरेजवाला म्हणतोय पूर्ण वायरिंग नवीन करा. एवढे पैसे आत्ता नाहीत, टोमॅटोचा सीझन चालू आहे. रोज पिंपळगावला ९० क्रेट जातात.

नाना, ए-००१ : थांब. वायरिंगला हात लावू नकोस. मी एसटीच्या वर्कशॉपला ३१ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. आधी तीन गोष्टी बघून सांग. १) डावा दिला की टकटक नेहमीपेक्षा भराभर होते का? २) चारही इंडिकेटर एकदम लावायचं बटण दाबल्यावर मागचा डावा लागतो का? ३) इंडिकेटर बंद ठेवून पार्किंग लाइट लाव आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांग. मागे काय दिसतं?

बंटी, बी-१०२ : नाना, आमच्या बेलचं पण बघा ना, आम्ही दाबली की शेजाऱ्यांची वाजते 😄

अण्णा, बी-४०१ : विषय भरकटतोय म्हणून पुन्हा टाकतो. मुद्दा क्र. ७. कमर्शियल गाडी गेटच्या आत नको.

ताई, सी-३०४ : गणपतीत तुमच्या जावयाची ट्रॅव्हलर नऊ दिवस आत होती. तेव्हा मुद्दा क्र. ७ कुठे होता?

अण्णा, बी-४०१ : हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी : 🙏🙏

दादा, सी-००२ : नाना, बघितलं. टकटक एकदम भराभर. चारही लावले तरी मागचा डावा बंदच, बाकी तीन लागतात. आणि ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा मंद होतो, इंडिकेटर उगाच मिणमिणतो.

नाना, ए-००१ : मग रिले चांगला आहे आणि स्टिअरिंगखालचा स्विचही चांगला आहे. स्विच गेला असता तर चारीच्या बटणावर मागचा लागला असता. भराभर टकटक म्हणजे एका दिव्यातून करंट जात नाही. रिले तेच सांगतोय आणि लोक त्यालाच बदलतात. तुझं अर्थिंग गेलंय, म्हणजे करंट परत जायची वाट. गाडीत प्रत्येक दिव्याला बॅटरीकडून एकच वायर जाते, परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. मागच्या दिव्याची अर्थिंगची वायर जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने लावलीय तिथे गंज असणार. ब्रेकच्या करंटला परत जायला वाट मिळत नाही, म्हणून तो इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरतो. तोच तुला मिणमिणताना दिसतो. क्रेट धुतलेलं पाणी रोज तिथेच गळतं ना?

दादा, सी-००२ : हो नाना. बरोबर त्याच कोपऱ्यात.

काकू, ए-२०३ : हे सगळं ठीक आहे, पण दुरुस्त होईपर्यंत गाडी रात्री आणायची नाही. हात दाखवून वळलास तरी ड्रायव्हर उजवीकडे, डावीकडून येणाऱ्याला तो हात दिसत नाही.

दादा, सी-००२ : आज गाडी हलवत नाही काकू. माल शेजारच्या गाडीतून पाठवला.

नाना, ए-००१ : पाच वाजता खाली येतो. एक लांब वायर, पॉलिश पेपर आणि १० नंबरचा पाना आण.

अण्णा, बी-४०१ : पार्किंगमध्ये गाड्यांची दुरुस्ती करायला परवानगी आहे का? विचारतोय फक्त. बाकी मुद्दा क्र. ७ आहेच.

सेक्रेटरी : अण्णा, अर्ध्या तासाचं काम आहे. मी परवानगी देतो.

दादा, सी-००२ : झालं! नानांनी वायरीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या होल्डरला धरलं, की लगेच इंडिकेटर लख्ख. मग बोल्ट काढला. खाली पांढरी-हिरवी पूड, आणि वायरीची रिंग नुसती ओढली तर हातात आली. पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, नवी रिंग लावली, वरून व्हॅसलीन. खर्च ३० रुपये. रिलेचे आधी ६०० गेले.

नाना, ए-००१ : मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला ८० वेळा लागतो. नियमात ६० ते १२० लागतं, तेव्हा पासिंगलाही अडचण नाही. मागची काच पिवळट झालीय, ती बदल. दिवसा उन्हात दिसत नाही.

बंटी, बी-१०२ : नाना, बेल... 🙏

नाना, ए-००१ : रविवारी सकाळी. चहा ठेव.

काकू, ए-२०३ : आत्ता गॅलरीतून बघितलं. दादाने गेटपर्यंत चालवून दाखवली, कोपऱ्यापासून दिसत होता इंडिकेटर. दुधाचे पैसे नकोत. पण हे महिनाभरापूर्वी नानांना विचारलं असतंस तर बरं झालं असतं रे.

अण्णा, बी-४०१ : इंडिकेटर लागला, आनंद आहे. तरी मुद्दा क्र. ७ पुढच्या सभेत घ्यावा ही विनंती.

नाना, ए-००१ : दादा, उद्या उजव्या बाजूचाही बोल्ट उघड. तोही २००९ चाच आहे.