साथीचा फ्लू: बस, कॅन्टीन, हजेरीचं मशीन आणि कामगारांची घरं

टाइमऑफिस_भोसरी
एमआयडीसीतलं मशीन शॉप आहे. 60 माणसं, दोन पाळ्या, बस एकच, हजेरी अंगठ्यावर. निम्मे कामगार एका खोलीत चार-पाच जण राहणारे. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला होता. तशी साथ पुन्हा आली तर तयारी काय असावी? मालक थर्मल गन आणि फवारणीचा पंप घ्यायला तयार आहेत.

सेफ्टीवाला
दोन्ही नकोत. ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस विषाणू पसरवायला लागतो, त्याला गन काय पकडणार? क्रोसिन घेऊन आलेला गेटवरून सुटतो आणि उन्हातून सायकल मारत आलेला उगाच अडकतो.

तेच पैसे पगारी रजेत घाला. अंग मोडून आलं, घसा धरला, ताप चढला की फोन करायचा, यायचं नाही, खाडा पडणार नाही. पहिले तीन दिवस डॉक्टरची चिठ्ठी मागू नका. चिठ्ठीसाठी माणूस दवाखान्याच्या बाकावर दोन तास खोकत बसतो. औषध न घेता सलग 24 तास ताप नसेल तेव्हाच कामावर घ्यायचं, आणि ताप आल्यापासून सातव्या दिवसापर्यंत मास्क.

पीएफ_ईएसआय
वरच्या मुद्द्यात पैशाची खरी मेख आहे. ईएसआयसीकडून (कामगार राज्य विमा महामंडळ) आजारपणात पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पण पहिले दोन दिवस कोरडे जातात, आधीचं आजारपण संपून 15 दिवस झाले नसतील तरच त्या दोन दिवसांचे पैसे मिळतात. फ्लू सगळ्यात जास्त पसरतो तो याच सुरुवातीच्या दिवसांत, आणि पगार बुडतो म्हणून माणूस नेमका तेव्हाच कामावर येतो. हे दोन दिवस कंपनीनं भरावेत. ठेकेदाराच्या माणसांनाही तेच लागू करा आणि ऑर्डरमध्ये लिहून घ्या. ती माणसं त्याच बसमध्ये बसतात, त्याच पिंपातलं पाणी पितात.

सेफ्टीवाला
बसचं राहिलं. सगळ्यात धोक्याची जागा तीच. पावसातसुद्धा दोन्ही बाजूंच्या, पुढच्या आणि मागच्या खिडक्या चार बोटं उघड्या हव्यात, म्हणजे हवा आरपार जाते. ऑफिसमधला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवतो. तिथे एक खिडकी उघडी आणि समोरच्या भिंतीला एक्झॉस्ट. पिंपावर साखळीनं बांधलेला एकच पेला असेल तर तो आजच काढा. जेवायला तीन तुकड्या, समोरासमोर बसणं बंद. हजेरी साथीपुरती कार्डावर.

फवारणी करू नका, पुसा. लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, गाळ खाली बसू द्या, वरची निवळी घ्या. साधारण 1 टक्का द्रावण होतं. दारांच्या मुठी, बसचे दांडे, नळ यांवर 10 मिनिटं ओलं राहू द्या. चुकतं कुठे? पावडरचं पोतं उघडं राहून दमट होतं आणि क्लोरीन उडून जातो. सकाळचं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरतात. एकच फडकं सगळीकडे फिरवून त्याच बादलीत बुडवतात. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) पॅनेलला हे लावू नका, धातू खातं. मशीन बंद करून फडक्यावर 70 टक्के अल्कोहोल घ्या आणि पुसा.

टाइमऑफिस_भोसरी
आभारी आहे. आजाऱ्याला घरी पाठवलं, पण खोली एकच असेल तर?

वॉर्ड_सिस्टर
दादा, एका खोलीतही बरंच साधतं. आजाऱ्याचं अंथरूण खिडकीपाशी, इतरांपासून निदान तीन फूट लांब, त्याचं डोकं जिकडे तिकडे बाकीच्यांचे पाय. सेवेला एकच माणूस ठेवा. गरोदर बाई, मधुमेही किंवा दम्याची आजी नको. दोघांनाही तिपदरी मास्क, नाकावरून घट्ट. ओला झाला की लगेच बदला, नाहीतर सहा तासांनी. भांडी-कपडे साध्या साबणानं धुतले तरी पुरतं, वेगळी भांडी विकत घ्यायची गरज नाही. हात साबणानं 20 सेकंद, अंगठा आणि बोटांच्या बेचक्या धरून. 2009 च्या साथीत घरोघरी बांधलेल्या कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंडीनं विषाणू अडत नाही. मुलांना तापात ॲस्पिरिन अजिबात देऊ नका, पॅरासिटामॉलच.

साधा ताप-खोकला असेल तर तपासणी आणि टॅमीफ्लू (फ्लूच्या विषाणूवरचं औषध) दोन्ही लागत नाहीत. पण गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढचं माणूस, मधुमेह, हृदय किंवा किडनीचा रुग्ण असेल तर पहिल्या 48 तासांत डॉक्टरकडे न्या. टॅमीफ्लूचा मोठ्यांचा डोस 75 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. धाप, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ निळे, गुंगी, किंवा मूल दूध-पाणी घेईना: यातलं एक जरी दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता थेट रुग्णालय, रात्र असली तरी. त्या वेळेसाठी बसच्या ड्रायव्हरचा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचा नंबर आजच प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला.